हाय-सीचा नकाशा पहिल्या दहा मिनिटांत ठरतो

मेलवर प्रश्न असा आला आहे: पुण्यात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने टी-पेशींच्या सेल लाईनवर, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवर, इन सिटू हाय-सी केलं. केंद्रकात डीएनएचा कोणता तुकडा कोणाजवळ होता हे मोजायची ही पद्धत. लायब्ररी (वाचायला द्यायचा डीएनएच्या तुकड्यांचा संच) तयार झाली, पण चाचणीपुरत्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे त्यांची अक्षरं वाचताना, निम्म्याहून जास्त रीड्स (वाचलेले तुकडे) ‘डँगलिंग एंड’ निघाले, म्हणजे कापलेली पण कुणाशीच न जोडलेली टोकं. कुठे चुकलं असेल? पुन्हा केल्यावर किती खोल सिक्वेन्सिंग करायचं, म्हणजे किती रीड्स घ्यायचे? आणि गाईड म्हणतात तसा केंद्रकातल्या डीएनएचा ‘थ्री-डी फोटो’ यातून मिळेल का?

शेवटचं आधी घेते, कारण तिथला गैरसमज बाकीच्या दोन्ही प्रश्नांत शिरलेला आहे. फोटो मिळणार नाही. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरतो आणि राहतो तो जेमतेम ६ ते १० मायक्रोमीटरच्या केंद्रकात. त्याची घडी कशी आहे हे हाय-सीत आपण बघत नसतो. आपण एवढंच विचारतो, की फॉर्मल्डिहाइड पडलं (ते पेशीतलं सगळं आहे तिथे चिकटवून ठेवतं, म्हणजे ‘फिक्स’ करतं) त्या क्षणी कोणता तुकडा कोणाला खेटून होता.

समजा, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर कुणी भोंग्यावरून सांगितलं, ‘आहात तिथे थांबा, शेजारच्याचा हात धरा’, आणि मग जोड्यांची नुसती नावं लिहून घेतली. त्या यादीत रस्त्याचं चित्र नसतं. असे वीस लाख लक्ष्मी रस्ते, म्हणजे वीस लाख पेशी, एकत्र करून एकच यादी बनवली की तो झाला तुमचा नकाशा. ढोलपथकात एकामागे एक चालणारे दोघं जोडीनं सापडले तर त्यात काही नवल नाही. पथकाच्या पुढचा ध्वजवाला आणि सगळ्यात मागच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर हे वीस लाखांपैकी बऱ्याच रस्त्यांवर हातात हात घेतलेले सापडले, तर मात्र चौकशी करायला हवी. नकाशाच्या उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंवर तोच डीएनए ओळीने मांडलेला असतो, त्यामुळे शेजारी कर्णावर पडतात; कर्णापासून दूर जो ठिपका दिसतो तो हा. आणि तो ठिपका गडद असला तरी प्रत्येक पेशीत ते दोघं एकत्र होते असं म्हणता येत नाही. हे वाक्य लॅब मीटिंगच्या आधी गाईडना ऐकवा, नंतर नको.

कल्पना मुळात २००२ची. जॉब डेकर, नॅन्सी क्लेकनर आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्रावर ‘थ्री-सी’ करून दाखवलं: फिक्स करा, कापा, जोडा आणि ठरावीक दोन तुकडे जोडले गेले का ते पीसीआरने मोजा. त्यात कोणती जोडी तपासायची हे आधी माहीत असावं लागतं. आपल्या गावातही हे काम लवकर झालं. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटाने सॅटबी-१ आणि पीएमएल ही प्रथिनं सहाव्या गुणसूत्रावरच्या एमएचसी क्लास-१ या रोगप्रतिकाराच्या जनुकांच्या भागात क्रोमॅटिनचे (डीएनए आणि त्याला चिकटलेल्या प्रथिनांचे) लूप, म्हणजे फास, कसे बांधतात हे थ्री-सी वापरूनच दाखवलं. तो शोधनिबंध २००७चा, म्हणजे हाय-सीच्याही आधीचा. तुम्ही टी-पेशींवर काम करताय, तेव्हा तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२००९मध्ये एरेझ लीबरमन-एडन, डेकर आणि मंडळींनी टोकांना बायोटिन हा खुणेचा रेणू लावायची युक्ती आणली आणि सगळ्या जोड्या एकदम मोजता येऊ लागल्या. हेच हाय-सी. तेव्हाचा नकाशा १० लाख बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) चौकटींचा होता. त्यात जागी जनुकं एका बाजूला आणि झोपलेली दुसऱ्या बाजूला, असे ए आणि बी हे दोन कप्पे दिसले. २०१२मध्ये टॅड दिसले, म्हणजे आपापसातच जास्त भेटणारे सलग पट्टे. २०१४मध्ये सुहास राव आणि सहकाऱ्यांनी केंद्रक न फोडता आतल्या आतच लिगेशन, म्हणजे टोकांची जोडणी, करायची पद्धत दिली. एकाच सेल लाईनच्या ४९० कोटी संपर्कांवरून त्यांनी सुमारे १० हजार लूप मोजले. तुम्ही वापरताय ती हीच पद्धत.

आता तुमच्या ट्यूबकडे येऊ.

डँगलिंग एंड जास्त म्हटलं की सगळे लायगेजला, म्हणजे टोकं जोडणाऱ्या एन्झाइमला, दोष देतात. कधीकधी तो असतोही. पण माझ्या अनुभवात निम्म्या वेळा चूक त्याच्या एक दिवस आधीची असते, फिक्स करतानाची. प्रोटोकॉल म्हणतो १ टक्का फॉर्मल्डिहाइड, १० मिनिटं, रूम टेम्परेचर. हा प्रोटोकॉल जिथे लिहिला गेला तिथे रूम टेम्परेचर बारा महिने २२ अंशांच्या आसपास असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तीनला एसी बंद असलेली खोली ३५च्या पुढे असते आणि डिसेंबरच्या सकाळी तीच खोली १८ला येते. फॉर्मल्डिहाइडची क्रिया तापमानाबरोबर वाढते. म्हणजे ‘दहा मिनिटं’ या शब्दांचा अर्थ ऋतूप्रमाणे बदलतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. मी डिसेंबरात केलेला पहिला नमुना सुरेख निघाला, मेमध्ये केलेला दुसरा भिकार. पेशी त्याच, एन्झाइमचा लॉट तोच, हातही तोच. दोन आठवडे मी लायगेज बदलत बसले. शेवटी आमच्या लॅबमधल्या मावशी पंखा लावायला आल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, या टेबलावर तर हात ठेववत नाही.’ बेंच खिडकीला लागून होतं आणि दुपारभर तिथे ऊन यायचं. तिथेच मी ट्यूब फिरवत उभी राहायचे. मायक्रोस्कोपखाली मेमधली केंद्रकं पाहिली तर द्राक्षांच्या घोसासारखी एकमेकांना चिकटलेली. आत एन्झाइम जाणार कसं? त्यानंतर आजपर्यंत मी बीओडी इनक्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारं कपाट) २५ला लावून त्यातच फिक्स करते. मीडियमही आधी अर्धा तास त्यातच ठेवते.

फिक्सिंगची आणखी एक चूक तुमच्यासारख्या तरंगत्या पेशींत हमखास होते. पेशी १० टक्के सीरमच्या मीडियममध्ये असतात आणि त्यातच थेट फॉर्मल्डिहाइड ओतलं जातं. सीरममधली प्रथिनं त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतात, म्हणजे पेशींना मिळालेलं प्रमाण १ टक्का उरतच नाही. किती उरलं ते सीरमच्या बाटलीवर अवलंबून. आधी ३०० जीला स्पिन करून साध्या, सीरम नसलेल्या मीडियममध्ये घ्या. बफर घ्यायचं असेल तर पीबीएस घ्या. ट्रिस अजिबात नको, त्यातला अमाइन फॉर्मल्डिहाइडला गिळतो. कपाटातल्या ३७ टक्क्यांच्या बाटलीत मिथेनॉल असतं आणि ती कधी उघडली हे कुणालाच आठवत नसतं. १६ टक्क्यांचा मिथेनॉलविरहित अँप्यूल फोडा. १० मिलिलिटर पेशींना ६७० मायक्रोलिटर घातलं की १ टक्का होतं. उरलेला अँप्यूल दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, कितीही जीवावर आलं तरी. दहाव्या मिनिटाला उरलेलं फॉर्मल्डिहाइड थांबवायला ०.२ मोलर ग्लायसिन, पाच मिनिटं, मग लगेच बर्फावर.

आणि मेलेल्या पेशी. व्हायेबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्या दिवशी फिक्स करूच नका. मेलेल्या पेशींतून सुटलेला डीएनए कुणाशीही जोडला जातो आणि दोन वेगळ्या गुणसूत्रांमधल्या जोड्यांचा आकडा विनाकारण फुगतो.

आता दुसरा दिवस. लायसिसनंतर, म्हणजे पेशी फोडल्यावर, ०.५ टक्के एसडीएस हे डिटर्जंट, ६२ अंश, ५ ते १० मिनिटं. हे पाऊल क्रोमॅटिन सैल करून एन्झाइमला वाट मोकळी करतं. नंतर ट्रायटन या दुसऱ्या डिटर्जंटने एसडीएस बांधून टाकायचं, ३७ला १५ मिनिटं. ट्रायटनची ही पंधरा मिनिटं कुणी गांभीर्याने घेत नाही. मोकळं राहिलेलं एसडीएस मग एमबीओ-१ला, म्हणजे डीएनए कापणाऱ्या एन्झाइमला, मारतं. उलट ६२ अंशांवर ट्यूब जास्त वेळ राहिली तर केंद्रकं फुटतात, आणि पेलेट (ट्यूबच्या तळाशी बसलेला गाळ) पांढरी भुकटी न राहता शेंबडासारखा लोळा होतो. असा लोळा दिसला तर तिथेच थांबा. पुढचे तीन दिवस वाचतील.

एमबीओ-१ जीएटीसी या चार अक्षरांवर कापतं. निव्वळ गणिताने दर २५६ बेसला एक जागा यायला हवी, माणसाच्या जीनोममध्ये प्रत्यक्षात सरासरी अंतर चारशेच्या आसपास पडतं. जुन्या पद्धतीतलं हिंड-३ सहा अक्षरं ओळखतं, गणिताने दर ४,०९६ला एक. म्हणून बारीक नकाशा हवा तर चार अक्षरांचं एन्झाइम. (बॅक्टेरियावर हाय-सी करणाऱ्या मित्राला हा सल्ला देऊ नका. त्यांच्या डीएनएवरचं डॅम मिथिलेशन एमबीओ-१ला अडवतं.) कापल्यावर चार बेसचं टोक उरतं. ते क्लेनाओ एन्झाइमने भरायचं आणि भरताना साध्या डीएटीपीच्या (‘ए’ या अक्षराच्या सुट्या घटकाच्या) जागी बायोटिन लावलेलं घालायचं. मग टी-४ लायगेज, चार तास.

तुमची टोकं जोडली का गेली नाहीत, याचं उत्तर या दोन पावलांत शोधायचं असेल तर मी पहिला प्रश्न विचारीन: बायोटिन-डीएटीपी किती घातलंत? ते महाग असतं, म्हणून ‘थोडं कमी चालेल’ असं कुणी सीनियर सांगतो. चालत नाही. टोक अर्धवट भरलं की ते सपाट होत नाही, आणि सपाट नसलेली दोन टोकं जोडली जात नाहीत. दुसरा प्रश्न, लायगेजचं बफर कितव्यांदा वितळवलंत? त्यातलं एटीपी, म्हणजे लायगेजचं इंधन, प्रत्येक वितळण्यागणिक कमी होतं. नवं बफर आलं की त्याच दिवशी छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवायचं, एका प्रयोगाला एक ट्यूब. तिसरा, सिक्वेन्सिंगआधी न जोडलेल्या टोकांवरचं बायोटिन टी-४ पॉलिमरेजने काढलंत का? ते राहिलं तर बायोटिन पकडणारे स्ट्रेप्टॅव्हिडिनचे मणी जोडलेलं आणि न जोडलेलं दोन्ही सारख्याच प्रेमाने उचलतात. तसं असेल तर तुमचं लिगेशन चांगलं असूनही आकडा वाईट दिसतोय, आणि पुन्हा करताना फिक्सिंगला हात लावायची गरजच नाही.

यातलं नेमकं काय झालं हे आता मला इथून सांगता येणार नाही, कारण तुम्ही जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारी चाचणी, चालवलेलं नाही. हे मात्र मी माफ करणार नाही. प्रत्येक नमुन्यातून तीनदा थोडं थोडं काढून ठेवायचं: कापण्याआधी, कापल्यावर, जोडल्यावर. प्रोटिनेज-के देऊन क्रॉसलिंक (फॉर्मल्डिहाइडने बांधलेल्या गाठी) उलटवायचे आणि तिन्ही शेजारी शेजारी चालवायचे. पहिल्या लेनमध्ये वर, विहिरीच्या जवळ, एक जाड पट्टी. दुसऱ्यात ती पट्टी नाहीशी होऊन खाली एक हजार बेसच्या आतबाहेर धुरासारखा पसारा. तिसऱ्यात तो धूर पुन्हा वर चढलेला. दुसऱ्या लेनमध्येही वरची पट्टी तशीच असेल तर फिक्सिंग किंवा एसडीएसमध्ये गडबड. दुसरी चांगली आणि तिसरीही तशीच खाली राहिली असेल तर टोकं भरणं किंवा लायगेज. दुसरी-तिसरी दोन्ही चांगल्या असूनही सिक्वेन्सिंग खराब, तर बायोटिन काढणं राहिलं. एका जेलमध्ये तीन रोगांचं निदान होतं आणि खर्च म्हणाल तर चहा-क्रीमरोल इतका.

पीसीआर झाल्यावर अजून एक तपासणी आहे. दोन भरलेली टोकं जोडली की तिथे जीएटीसीजीएटीसी असा क्रम तयार होतो आणि त्याच्या पोटात एटीसीजीएटी असतं. ते क्ला-१ या एन्झाइमचं लक्ष्य. लायब्ररीतले थोडे नॅनोग्रॅम घेऊन क्ला-१ने कापा. पसारा खाली सरकला तर जोडण्या खऱ्या आहेत. अजिबात सरकला नाही तर सिक्वेन्सिंगला पाठवू नका.

डीएनए किती मिळाला हेही मोजत जा. माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम असतो, म्हणजे २० लाख पेशींतून १३ मायक्रोग्रॅम. आठ-दहा हाती लागले तर उत्तम. दोनच लागले तर कुठेतरी पेलेट सिंकमध्ये गेलाय.

सिक्वेन्सिंग किती खोल हा प्रश्न मी गणितानेच सोडवते. जीनोमचे १० लाख बेसचे तुकडे केले तर ते सुमारे ३,१०० होतात आणि त्यांच्या जोड्या ४८ लाख. १० हजार बेसचे केले तर तुकडे ३.१ लाख आणि जोड्या ४,८०० कोटी. तुकडा शंभरपट लहान केला की जोड्या दहा हजारपट वाढतात. त्या भरायला रीड्स कुठून आणणार? म्हणून आधी काय बघायचंय ते ठरवा. ए-बी कप्पे दोन-चार कोटी चांगल्या जोड्यांत दिसतात. टॅडना २० ते ३० कोटी रीड्स लागतात. लूप मोजायचे तर १०० कोटींच्या खाली मी तरी तोंड उघडत नाही. तुमच्या मेलमध्ये ‘३० कोटी रीड्स आणि लूप’ एका वाक्यात आहेत. यातलं एक बदलावं लागेल.

कोणत्याही परिस्थितीत आधी फक्त पन्नास लाख रीड्सची चाचणी करा. त्यात मी तीन आकडे बघते. एकाच गुणसूत्रावर २० हजार बेसपेक्षा लांबच्या जोड्या किमान ४० टक्के असाव्यात. वेगळ्या गुणसूत्रांमधल्या २० ते ३० टक्के ठीक, ४०च्या वर गेल्या तर यादृच्छिक लिगेशनचा वास येतो. तिसरा डुप्लिकेटचा, म्हणजे तोच रेणू पुन्हा वाचला गेल्याचा. पन्नास लाखांतच ते डोळ्यात भरण्याइतके असतील तर लायब्ररीत वेगवेगळे रेणूच कमी आहेत, आणि कितीही सिक्वेन्सिंग केलं तरी तेच तेच वाचत बसाल. जोडीतल्या दोन रीड्सची तोंडं चार प्रकारे असू शकतात. लांबच्या अंतरावर चारही प्रकार २५-२५ टक्के यायला हवेत. ते कोणत्या अंतरापासून समान होतात हे बघितलं की डँगलिंग एंडचा उपद्रव कुठपर्यंत पोचलाय ते कळतं, आणि त्याच्या आतलं सगळं फेकून देता येतं.

संगणकाबद्दल फार लिहीत नाही. ३० कोटी जोड्या, दोन्हीकडून १५० बेस, म्हणजे ९,००० कोटी अक्षरं. लॅपटॉपचा पंखा रडेल. १९९१मध्ये ज्या शहरात परम ८००० बनला आणि जिथे आज आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, तिथे मोठ्या यंत्रावर वेळ मागायला लाजू नका. एक मात्र तुमच्या सेल लाईनबद्दल: कॅन्सरच्या पेशींत गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते. के-५६२ या रक्ताच्या कॅन्सरच्या सेल लाईनमध्ये ९ आणि २२ या गुणसूत्रांत जसा भडक चौकोन दिसतो तसं काही दिसलं तर तो लूप नाही. ते दोन तुकडे आता खरोखरच एका दोऱ्यात आहेत. आधी कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मांडणी, बघा.

आणि आता थोडं न विचारलेलं. तुमचा खरा प्रश्न एकाच जनुकाबद्दल आहे असं मला मेलवरून वाटतं. मग पूर्ण हाय-सी कशाला? फोर-सी करा. एका जागेवरून बाकी जीनोमकडे बघायचं, १०-२० लाख रीड्समध्ये काम होतं आणि कितीतरी जास्त पुनरावृत्ती करता येतात. नकाशा देखणा असतो, पोस्टरवर छान दिसतो, हे मान्य. पण लूप दिसला म्हणजे तो जनुक चालवतो असं होत नाही. २०१७मध्ये कोहेसिन हे कडीसारखं प्रथिन पेशीतून काही तासांत काढून टाकून बघितलं गेलं. कोहेसिनची कडी डीएनएचा दोरा आत ओढत फास मोठा करत जाते आणि एकमेकांकडे तोंड केलेल्या सीटीसीएफ या प्रथिनाच्या जागा लागल्या की थांबते, असं आपण मानतो. ती कडी गेल्यावर सीटीसीएफचे लूप जवळपास सगळे गेले, ए-बी कप्पे मात्र राहिले, आणि बहुतेक जनुकांचं काम फारसं बदललं नाही. उलट २०१५मध्ये बर्लिनच्या श्टेफान मुंडलोस यांच्या गटाने दाखवलं, की ईपीएचए-४ जनुकाजवळची टॅडची सीमा मोडली की बोटांची घडणच बिघडते. म्हणजे दोन्ही खरं आहे, आणि तुमच्या जनुकाचं कोणतं हे तोडून बघितल्याशिवाय कळणार नाही. सीटीसीएफची ती एक जागा क्रिस्परने काढा आणि आरएनए मोजा. नकाशा नंतर.

गाईडना फोटोच हवा असेल तर तो फिश (FISH) या तंत्रातून येतो, म्हणजे डीएनएवर चमकत्या खुणा लावून मायक्रोस्कोपखाली बघण्यातून: दोन रंगांचे प्रोब, शे-दोनशे केंद्रकं, प्रत्येकातलं अंतर नॅनोमीटरमध्ये. हाय-सीत सर्वात गडद दिसलेले दोन ठिपके मायक्रोस्कोपखाली बहुतेक पेशींत एकमेकांपासून लांब दिसले, तरी घाबरू नका. लक्ष्मी रस्त्याची यादी आठवा.

आता कामाचं. येत्या आठवड्यात फिक्सिंग पुन्हा करा, पण गुरुवारी नको. त्या दिवशी लाईट दुरुस्तीसाठी गेली तर बीओडी आणि सेंट्रिफ्यूज दोन्ही बसतील आणि ग्लायसिन हातात घेऊन तुम्ही अंधारात उभ्या. २० लाखांचे सहा पेलेट करा, द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवून उणे ८०ला ठेवा. दोनच वापरा. प्रत्येक ट्यूबवर पेशींची संख्या, व्हायेबिलिटी, अँप्यूलचा लॉट आणि फिक्स करताना बीओडीत दिसलेलं तापमान लिहा, स्पिरिटने न पुसल्या जाणाऱ्या पेनाने. जेलचा फोटो आला की मला पाठवा, तिन्ही लेन आणि लॅडर दिसेल असा.